वीतभर भरतीचा समुद्र

कमरुद्दीन परकारनं इटली कधी पाहिली नव्हती. पण तिथल्या कामोली नावाच्या समुद्रकाठच्या गावाच्या वरच्या वाडीत बस कुठल्या वळणावर थांबते, थांब्यापासून पाण्याचा नळ किती पावलांवर आहे आणि नळाशेजारच्या बाकावर सकाळी ऊन असतं की सावली, हे त्याला गाढ झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

दुबईच्या देरा भागात मसाल्याच्या बाजारामागं, पहिल्या मजल्यावर त्याचं ट्रॅव्हल ऑफिस. जिना चढताना खालच्या दुकानातला सुक्या लिंबांचा आणि वेलदोड्याचा वास पार टाळूपर्यंत चढायचा. दारासमोर मालक इद्रीस बसायचा. तो मक्केच्या उमरा यात्रेची पॅकेजं, व्हिजिट व्हिसे, विमानाची तिकिटं विकायचा. खिडकीजवळ बसून कमरुद्दीन इटलीचा किनारा जुळवून द्यायचा. कुणी कधी जेवायचं, कुठल्या दिवशी डोंगर चढायचा, कुठल्या दिवशी होडीत बसायचं, सगळं कागदावर.

हे काम त्याच्याकडं आलं सत्तावीस वर्षांपूर्वी, इद्रीसच्या बापाच्या वेळी. इटलीची फाइल बघणारा माणूस अचानक कॅनडाला गेला आणि म्हातारा कमरुद्दीनला म्हणाला, "तू खाडीवरचा ना? मग ह्या किनाऱ्याचा काम तुजा." एवढीच परीक्षा, एवढाच इंटरव्ह्यू.

खाडीवरचा तर तो होताच. बाणकोट खाडीच्या काठचा, तांडेलाचा पोर. त्याचे अब्बा मचवा चालवायचे, आणि मचव्यावर तांडेल म्हणजे कप्तानही तोच आणि काझीही तोच. खाडीला दिवसातून दोनदा दीड पुरुष पाणी चढायचं नि दीड पुरुष उतरायचं. लग्नाची वरात, बाजारहाट, दवाखाना, सगळ्याची वेळ पाणी ठरवायचं. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण अब्बांनी त्याच्याकडं कधी मान वर करून बघितलं नाही.

अशा माणसानं पहिलीच सहल आखली ती दुबईतल्याच करामा वस्तीतल्या एका डॉक्टरांच्या कुटुंबाची. त्यानं कामोलीच्या हॉटेलवाल्याला फॅक्स केला: भरती-ओहोटीच्या वेळा कळवा. हॉटेलवाल्यानं उत्तर दिलं की आमच्याकडं भरती जेमतेम वीतभर, तुम्ही कधीही या. कमरुद्दीनला वाटलं, हा माणूस आळशी दिसतो. समुद्र म्हटला की ओहोटी आलीच. त्यानं चंद्राची तिथी बघितली, बोटांवर हिशोब केला आणि डॉक्टरांच्या कागदावर ठणकावून लिहिलं: दुपारी एक ते तीन होडी नाही, ओहोटी.

डॉक्टर, बायको आणि दोन पोरं त्या दिवशी धक्क्यावरच्या बाकावर दोन तास बसून राहिली. त्यांच्या डोळ्यांदेखत चार होड्या आल्या नि गेल्या. पोरं म्हणाली, डॅडी, बोट आली. डॉक्टर म्हणाले, आपल्या कागदावर नाहीये.

परत आल्यावर डॉक्टर पेढे घेऊन आले नि हसत हसत त्यांनी ही गोष्ट इद्रीसच्या बापाला सांगितली. सगळं ऑफिस हसलं. कमरुद्दीनही हसला, पण त्या रात्री खोलीवर त्यानं कागदाची नक्कल काढून पुन्हा वाचली. समुद्राला भरती नसते हे एक नवल होतंच. पण डोळ्यांसमोरच्या होडीपेक्षा माणसं त्याच्या कागदावर जास्त विश्वास ठेवतात, हे त्याहून मोठं. अब्बा म्हणायचे, "उतारूला खोटा सांगू नये. पानी सांगल ता सांगाचा." तेव्हापासून जे ठाऊक नाही आणि जे खरं नाही, ते कमरुद्दीनच्या कागदावर येत नसे.

ठाऊक करून घ्यायला त्यानं एक जाड वही केली. सहलीहून आलेल्या माणसाला तो चहा पाजायचा आणि बोलतं करायचा. कुठं पाय दुखले, कुठं दूध मिळालं, कुठं बाथरूमला सुटी नाणी लागली. मराठी माणूस चांगलं झालेलं चटकन सांगत नाही, पण गैरसोय पायरीच्या आकड्यासकट सांगतो. शेकडो कुटुंबांच्या तक्रारी एकावर एक रचून कमरुद्दीननं आपली इटली उभी केली होती, आणि खऱ्या इटलीपेक्षा ती काही फार वेगळी नसावी.

*

त्या फेब्रुवारीत शारजाहून प्रधान जोडपं आलं. गुणवंत प्रधान, एकोणसाठ वर्षांचे, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात पंपांचे इंजिनिअर. त्यांची बायको विभावरी तिथल्याच अल मजाज भागातल्या फ्लॅटमध्ये गणिताच्या शिकवण्या घ्यायची. सप्टेंबरात गुणवंतरावांचा व्हिसा संपत होता, मग कायमचं ठाणं. आखातातल्या एकतीस वर्षांत मिळालेली एकूण एक सुटी नात्यातली लग्नं, बारशी आणि आजारपणं यांत गेली होती. मेमधल्या नऊ दिवसांची ही पहिली सुटी फक्त दोघांची.

गुणवंतराव खुर्चीवर बसायच्या आधीच नकाशा उलगडायला लागले.

"साहेब, नकाशा राहू द्या जरा," कमरुद्दीन म्हणाला. "आधी पोटाचा सांगा."

"म्हणजे?"

"भूक किती वाजता लागते? तिथं दुपारी अडीचला स्वयंपाकघर बंद. मग साडेसातपर्यंत शेफ म्हणजे सुलतान, दार उघडायचा नाय. निम्मी भांडणं डोंगरावर होतात ती भुकेनं होतात, वहिनी. वाटेचा दोष नसतो."

विभावरी हसली. "यांना साडेबाराला पान मांडलेलं लागतं. बाराला पंचवीस कमी असतानाच किचनमध्ये घिरट्या सुरू."

"मासळी?"

"सीकेपी आहोत भाई," गुणवंतराव म्हणाले. "मासळी विचारताय काय?"

"मग तुमचा काम झाला. तिथं अंचोवी म्हणून मिळतात, आपल्या मांदेलीची सख्खी मावसबहीण. लिंबू पिळून देतात, तळूनही देतात. आणि पास्त्यावर हिरवी चटणी, तुळशीच्या भावंडांतल्या पानांची."

"तुळशीची चटणी?" विभावरीनं भुवया उंचावल्या. "नैवेद्यावर ठेवायचं पान ते वाटून खातात?"

"तुळस नाय, चुलतबहीण. देव माफ करेल."

मग होडीचं तिकीट निघालं. माणशी अठरा युरो म्हटल्यावर विभावरी मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे पंचाहत्तर दिरहाम. म्हणजे सतराशे, अठराशे रुपये. होडीत बसायचे?" गुणवंतराव म्हणाले, "विभा, एकतीस वर्षं गुणाकार केलास. नऊ दिवस सुटी दे."

कमरुद्दीननं मेचं पान समोर ओढलं आणि एका तारखेवर बोट ठेवलं. "वहिनी, ही संकष्टी. तुमचा उपास?"

ती चपापली. "हो. तुम्हाला कसं...?"

"चंद्रावर आमचा पण कारभार चालतो. कॅलेंडरात चंद्रोदय लिहिलाय तो मुंबईचा. मागं पुण्याच्या एक बाई त्या वेळेवर ताट वाढून बसल्या, चंद्राचा पत्ता नाय. मेमध्ये तिथं तो रात्री बाराच्या सुमारास उगवतो. त्यात कामोलीच्या पूर्वेला डोंगर, म्हणजे आणखी पाऊण तास."

"म्हणजे पाऊण वाजेपर्यंत उपाशी?"

"म्हणून त्या दिवशी तुमचा चालणा ठेवत नाय. सकाळी किनाऱ्यावर बसायचा, दुपारी झोपायचा. दूध-फळांचा दुकान चर्चच्या मागं हाय. साबुदाणा मात्र इथून न्या."

विभावरीनं नवऱ्याकडं पाहिलं. हा माणूस आपल्याला आवडला, असं त्या नजरेत होतं.

आता गुणवंतरावांनी नकाशा पुरा उलगडला. त्यावर लाल शाईनं रेघ मारलेली होती. कामोलीपासून वर सान रोक्को नावाच्या वाडीत, तिथल्या चर्चपासून डोंगराच्या कुशीतून, कड्याकड्यानं, समुद्रालगतच्या एका जुन्या मठापर्यंत. मठ एका खोबणीत वसलेला. तिथं गाडीरस्ता जातच नाही. होडीनं जायचं, नाहीतर पायी.

"ही वाट," ते म्हणाले. "कड्याला साखळ्या ठोकल्यात म्हणे. साखळी धरून पुढं सरकायचं. मी कॉलेजात असताना आमच्याकडचे सगळे गड केलेत भाई. अलंग, मदन. हे एकदा करायचंय, मग खुशाल ठाण्यात बसून पेपर वाचीन."

विभावरी पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

"गुडघे कसे हायत?"

"फर्स्ट क्लास."

"दवापाणी काही?"

"रूटीन," गुणवंतराव म्हणाले, जरा लवकरच म्हणाले.

*

तिसऱ्या दिवशी विभावरी एकटीच आली. हातात पासपोर्ट फोटोंचं पाकीट. व्हिसासाठीचे फोटो आदल्या संध्याकाळीच मोबाईलवरून आले होते, पण कमरुद्दीननं पाकीट निमूट घेतलं आणि चहा सांगितला.

"भाई, यांना नोव्हेंबरात स्टेंट बसवलाय," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत तेव्हा मला बोलायला हवं होतं, पण चारचौघांत... यांना आवडत नाही."

"डॉक्टर काय बोलले?"

"चाला म्हणाले. रोज चाला. हळूहळू चढा, दम लागला की थांबा. साखळीबिखळीचं मी विचारलं तर त्यांनी हातच जोडले. यांच्यापुढं जोडले! तरी हे म्हणतात, बघू. आभानं, आमच्या मुलीनं, फोनवर किती समजावलं. ती इंग्लिशमधून रडते, हे मराठीतून विषय बदलतात." तिनं कप खाली ठेवला. "भाई, तिथं मला कुणी ओळखीचं नाही. भाषा येत नाही. त्या कड्यावर यांना काही झालं, तर मी काय करायचं? कुणाला हाक मारायची?"

कमरुद्दीननं बिस्किटांची बशी तिच्यापुढं सरकवली.

"हे माझं ऐकत नाहीत, पण छापील कागद ऐकतात. इंजिनिअर आहेत ना. तुम्ही फक्त एक ओळ लिहा. वाट बंद आहे. दरड कोसळली. तिथं कोसळतातच की दरडी, मी वाचलंय. मी सांगितलं हे मात्र कळू देऊ नका."

"मी बघतो, वहिनी," तो म्हणाला. "पंधरवडा हाय अजून कागद द्यायला."

ती गेल्यावर इद्रीसनं तोंड उघडलं. त्याचं टेबल लांब होतं, कान नव्हते.

"लिव ना, चाचा. वाट बंद. बायको खूश, गिऱ्हाईक जित्ता, खलास."

"वाट चालू हाय, इद्रीस."

"तुला कोण विचारायला येनार हाय? इटलीचा प्रेसिडेंट?"

"त्या वाटेवर त्याच दिवशी धा माणसं जाताना ते हॉटेलातून बघतील. मग माज्या कागदावरचा एक शब्द तरी खरा धरतील काय? बोटीची वेळ, जेवणाची वेळ... सगला खोटा होईल."

"अरे पण मेला तर?"

कमरुद्दीननं वही उघडली. बाईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. साखळीची वाट तीन तासांची. मध्ये नळ नाही, माघारी फिरायला दुसरा रस्ता नाही. वहीत एका तरण्या पोराची नोंद होती, पुण्याचा ट्रेकर, त्यानंही लिहवून घेतलं होतं: मध्यावर हात थरथरले. खरं लिहावं तर ते शब्द गुणवंतरावांना आमंत्रणासारखे वाटणार. खोटं लिहावं तर सत्तावीस वर्षांची वही फाडून खाडीत टाकावी. त्याच्या कागदावर एक जीव टांगलेला होता, आणि एका बाईला वाटत होतं की तो फक्त एक ओळ लिहील.

*

संध्याकाळी, गावाकडं मगरिबची नमाज झाली असेल अशा बेतानं तो शहनाझला फोन करायचा. शहनाझ त्याची बायको. सहा वर्षं त्याच्याबरोबर दुबईत राहून पोरांच्या शाळेसाठी ती गावी परतली, ती तिथलीच झाली. आता पोरं मुंबईत, ही खाडीकाठी, हा देरात. तीन बिऱ्हाडांचा हा संसार रोज वीस मिनिटं फोनवर एकत्र नांदायचा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मागं तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं.

"तुमच्या त्या साहेबाला साकली कशाला पायजे?"

"गड चढायचा तो."

"तवा चढायचा. आता कशाला पायजे, ता विचारलात काय?"

"नाय."

"मग काय विचारलात? भूक कंदी लागते?" ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "आवो, अब्बांचा गुडगा गेलेला शेवटी शेवटी, आठवतो तुमाला? होडीत चढवायला हात कोन दी त्यांना?"

"कोनाची हिंमत!"

"मग चढायचे कसे?"

कमरुद्दीनला ते दिसलं. धक्क्यावर लुंगी सावरून उभे अब्बा. खाली होडी हातभर खोल. उतारू बसलेले, माल भरलेला, आणि सगळे गप. कुणी म्हणत नव्हतं की चाचा, हात द्या. सुकाणूवरचा नवा तांडेल नुसता म्हणायचा, पानी येऊं दे. मग पाणी यायचं. होडी वर वर येत धक्क्याच्या बरोबरीला लागायची आणि अब्बा रस्ता ओलांडावा तसे आपल्या पायांनी होडीत जायचे.

"आनि ऐका," शहनाझ म्हणाली, "मचवा दुसऱ्याच्या हाती दिलान् तरी सुटायचा कोनाच्या बोलन्यावर? अब्बा धक्क्यावर बसून वारा बघायचे. ते जा बोलले का जायाचा, थांबा बोलले का थांबायचा. वल्ही मारनारे धा असतात. थांबा बोलनारा एकच."

"तिथं पानी वर येत नाय, शहनाझ. वीतभर भरती."

"तुमी एवडे कागद लिवता," ती म्हणाली, "थोडा पानी तुमी आना." आणि मासळी करपतेय म्हणून तिनं फोन ठेवला.

*

शनिवारी दुपारी चारला त्यानं गुणवंतरावांना बोलावलं, ऑफिसात नव्हे, खाली दुबईच्या खाडीच्या काठाला. तिथं ढवे, म्हणजे मालवाहू लाकडी गलबतं, एकाला एक खेटून उभे होते. टायर, फ्रीज, कांद्याच्या गोण्या चढत होत्या. दोघं कडक चहा घेऊन सावलीला बसले. हवा अजून बरी होती, मार्च लागायचा होता.

"मी तुम्हाला एक चुकीचा प्रश्न विचारला होता साहेब," कमरुद्दीन म्हणाला. "आता बरोबर विचारतो. ती साखळीच कशाला?"

गुणवंतरावांनी चहाचा घोट घेतला. ढव्यावरचा खलाशी डोक्यावर गोणी घेऊन फळीवरून चालत गेला. ते त्याच्याकडंच बघत राहिले.

"विभा येऊन गेली ना?"

"फोटो द्यायला आल्या होत्या."

"फोटो मी मोबाईलवर पाठवले होते."

"होय. तेही मिळाले."

गुणवंतराव हसले. हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. "मग आता तुम्हीही सुरू करा. आराम करा, जपा. नोव्हेंबरापासून माझ्या हातातून एकेक वस्तू काढून घेतायत भाई. आधी सूटकेस. मग गाडीची किल्ली, विभा चालवते. परवा लिफ्टमध्ये शेजारच्या पोरीनं दुधाची पिशवी घेतली. दोन लिटरची! म्हणे, अंकल, लेट मी. मला वाटलं, जिथं मला कुणी ओळखत नाही तिथं एकदा दोन्ही हातांनी घट्ट काहीतरी धरावं. बस. दुसरं काही नाही."

कमरुद्दीन मान हलवत राहिला. मग त्यानं अब्बांची गोष्ट सांगितली. लुंगी, धक्का, होडी, पानी येऊं दे. गोष्टीत त्यानं बोध घातला नाही. नुसती सांगितली, जशी शहनाझनं आठवून दिली तशी.

"आणि मग?" गुणवंतराव म्हणाले.

"मग काय. गेले होडीतून. त्यांच्या बोलण्याशिवाय मचवा सुटत नसे, मरेपर्यंत."

त्यानं खिशातून कागद काढला. "हा तुमचा कागद. दोन्ही वाटा लिहिल्यात. पहिली साखळीची, चालू हाय. तीन तास, पाणी नाय, मागं फिरायला रस्ता नाय, तरण्याचे हात थरथरले त्याची नोंद खाली. काहीच लपवला नाय. दुसरी ही. कामोलीतून बसनं वर सान रोक्को. चर्चसमोर कठडा, तिथून सगळा समुद्र पायाखाली. तिथून जंगलातून दगडी पायऱ्या खाली उतरतात, नऊशेच्या आसपास. चढ नाय. तळाला एक छोटा धक्का. तिथं होडी येते, ती मठाला नेते. मठाच्या अंगणात साडेबाराला जेवण, मांदेलीची मावसबहीण. पण ह्या पायऱ्यांचा पण तुम्ही डॉक्टरला विचारायचा. मी तांडेलाचा पोर, डॉक्टरचा नाय."

"म्हणजे म्हाताऱ्यांची वाट."

"ऐका तर. वारा नैर्ऋत्येचा असला की तिथं होडी बंद. आणि तुम्ही खाली उतरलात नि होडी आली नाय, तर नऊशे पायऱ्या उलट चढायच्या, उन्हात, वहिनींना घेऊन. म्हणून सकाळी नऊला त्या कठड्याशी उभं राहून कुणीतरी पाणी बघायला पायजे. लाटांची डोकी पांढरी दिसली तर थांबायचा. पाणी निळं सपाट असलं तर उतरायचा. हा मी इथून ठरवू शकत नाय. हॉटेलवाला ठरवू शकत नाय, त्याला रूम भाड्यानं द्यायची. पुढचा दिवस मी मोकळा ठेवलाय, त्याचीच भरती समजा." त्यानं कागद पुढं केला. "तिथला तांडेल कोण, त्याचा नाव मी कोरा सोडलाय."

गुणवंतरावांनी कागद बराच वेळ वाचला. पंपाचं ड्रॉइंग वाचावं तसा, खालून वर. मग शर्टाच्या खिशातलं पेन काढून त्यांनी टोपण उघडलं आणि तसंच बंद केलं.

"बघू," ते म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात घातला.

हे 'बघू' डॉक्टरपुढचंच की वेगळं, ते कमरुद्दीनला कळलं नाही. त्यानं विभावरीला फोन करून एवढंच सांगितलं, "वहिनी, वाट बंद हाय असा मी लिहिला नाय. माफ करा. दोन्ही लिहिल्यात." मग ती म्हणाली, "ठीक आहे, भाई," आणि त्यात रागही होता, थकवाही होता.

*

मेमध्ये देरातल्या गल्लीत बाराच्या आतच तापलेल्या पत्र्यासारखं ऊन पडायला लागलं. प्रधान जोडपं गेलं त्याला पाच दिवस झाले होते. संकष्टीच्या रात्रीचा एक फोटो तेवढा आला होता: बाल्कनी, डोंगराच्या टोकावर कापलेला चंद्र, आणि कोपऱ्यात साबुदाण्याच्या खिचडीची वाटी. खाली लिहिलं होतं, बारा बावन्न.

सान रोक्कोच्या दिवशी कमरुद्दीन साडेदहापासूनच खिडकीशी चुळबुळत होता. तिथं नऊ वाजले की इथं अकरा. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. मोबाईल टेबलावर पालथा घालून त्यानं तो पुन्हा सुलटा केला.

"चाचा, मोबाईल उबवून पिल्लू निघत नाय," इद्रीस म्हणाला.

अकरा वीसला व्हॉइस मेसेज आला. विभावरीचा. आवाजामागं वाऱ्याचा मोठा घोंघाट.

"भाई, आम्ही वर चर्चपाशी आहोत. मला तर समुद्र छान दिसतोय, निळाशार. इथून ती साखळीची वाट पण सुरू होते, पाटीच आहे. दोन जर्मन मुलं आत्ताच गेली त्या वाटेनं. यांना म्हणाली, कम, कम. हे कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे आहेत केव्हापासून. काही बोलत नाहीत. मला भीती वाटतेय. पाठवते, बघा तुम्ही."

कमरुद्दीननं फोटो उघडला. लोखंडी कठडा, पलीकडं उन्हात चकाकणारं पाणी, आणि पाठमोरे गुणवंतराव. फोटोतून लाटांची डोकी कुणाला दिसतात? त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, नुसते ठिपके झाले. इथून सांगायचं तरी काय. त्यानं उत्तर लिहायला घेतलं, पुसलं. सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिल्यावर धक्क्यावरून ओरडायचं नसतं.

पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. गुणवंतराव स्वतः.

"भाई, आधी वाटलं सगळं सपाट आहे. विभा तर निघालीच होती पायऱ्यांकडं. मी म्हटलं, थांब. लांब, टोकापलीकडं, एक पांढरी रेघ दिसत होती. पंपाच्या टाकीत पाणी ढवळायला लागलं की कडेला तशीच येते. अर्धा तास बघत राहिलो. रेघ जवळ आली. आता इथंसुद्धा फेस दिसतोय. खाली सकाळची होडी आली नाही, चर्चवाल्या बाईनं सांगितलं."

"आणि साखळी?"

"ती पोरं साखळी लागायच्या आधीच परत आली भाई. वारा झोंबतोय म्हणे कड्यावर. त्यांना मीच बाक दिला बसायला. विभानं बाकरवडी दिली, खातायत." मग आवाज जरा खाली आला. "कठडा गार आहे हो. लोखंडी. दोन्ही हातांनी धरून उभा होतो. कुणी सोड म्हणालं नाही."

"मग आता?"

"आता काय? ओहोटी आहे," गुणवंतराव म्हणाले, आणि मोठ्यानं हसले. "थांबलोय. इथं नळ आहे, तुमच्या कागदावर आहे तिथंच. बाराची बस, खाली जाऊन साडेबाराला जेवण. उद्याचा दिवस मोकळा आहे ना? उद्या बघू पाणी."

मागून विभावरीचा आवाज आला, "आणि त्यांना सांगा, बाकावर सकाळी ऊन असतं, सावली नाही! टोपी विसरले मी."

फोन बंद झाल्यावर कमरुद्दीननं वही ओढली. सान रोक्कोच्या पानावर बाकाच्या नोंदीपुढं 'सावली' लिहिलेलं होतं, नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी ऑक्टोबरात जाऊन आल्यावर सांगितलेलं. त्यानं तिथं लिहिलं, 'मेमध्ये ऊन.' मग त्याखाली एक ओळ सोडून, 'नैर्ऋत्य वारा: अर्धा तास आधी टोकापलीकडं पांढरी रेघ दिसते. सांगणार, प्रधान.'

"काय झाला?" इद्रीस दारासमोरून ओरडला. "गेला की नाय साकलीवर?"

"थांबला."

"मग कागद पान्यात गेला ना तुजा?"

"नाय," कमरुद्दीन म्हणाला आणि वही मिटली. "यल्ला, चल, चहा सांग. माजा पण साडेबाराचा टाइम होत आला."